बंडेप्पाचा उजवा हात

बंडेप्पा पडला तेव्हा गुरुबाई दारात बसून ज्वारी निवडत होती.

त्या साली हळ्ळीखेडात सायकल एकच होती, हैदराबादहून आणलेली. ती चालवणारा बंडेप्पा म्हणजे पार्वतम्माच्या कापडदुकानाचा एकुलता वारस. गुरुबाईच्या दारापाशी येताच त्याने पटका सारखा करायला हात सोडला... बघणारीने पटका नीट बघावा म्हणून. तिने बघितला. आधी पटका, मग बंडेप्पा, मग सायकल, या क्रमाने सगळे तिच्या पायरीशी आले.

"लागलं का?"

"छे! उतरायलो," तो धुळीतून म्हणाला.

"हैदराबादला असं उतरतेत व्हय?"

खरे तर उजवा खांदा निखळला होता, आणि त्याचा इलाज त्याच पायरीच्या आत होता. गुरुबाईचे वडील अमृतप्पा चाळीस वर्षे हाडे बसवत होते. पण जिच्यासमोर पडलो तिच्याच घरी विव्हळत कसे जायचे? तेव्हा बंडेप्पा वीस कोस हिंडला. एकाने खांदा बसवला, दुसऱ्याने लेप लावला, तिसऱ्याने लेप काढून पट्टा बांधला, आणि आत्याने पट्ट्यावर ताईत. दोन महिने हात गळ्यात राहिला. मग सगळे सोडले, तर हात छातीच्या वर जाईना. महसुलाच्या गिरदावरसाहेबांना त्याने डाव्या हाताने सलाम केला. हा अपघात समजावा की राजद्रोह, यावर साहेबांनी अर्धा तास विचार केला.

शेवटी त्याची आई पार्वतम्मा त्याला दंड धरून अमृतप्पाकडे घेऊन आली.

"अण्णा, महिन्यानं अफजलपूरचे पाहुणे पोराला बघायला येणार हायेत. त्यांनी हाताचं ऐकलंय. हात वर गेला तरच सोयरीक म्हणायलेत."

गुरुबाईच्या हातातली तेलाची वाटी कलली. तेल सांडले म्हणून आपण चिडलो, असे तिने स्वतःला सांगितले.

अमृतप्पाने खांदा चाचपला. "हाड जाग्यावर हाय. बांधून बांधून आखडलाय नुसता. आता लेप न्हाई, हालचाल पाहिजे. गुरू, ह्याला रवीला उभा कर."

दुसऱ्या दिवसापासून बंडेप्पा त्यांच्या अंगणात ताक घुसळू लागला. पुरुषमाणूस रवी ओढतोय म्हटल्यावर गल्लीतल्या बायकांना एकाएकी ताकाची फार गरज पडू लागली.

"चांगल्या हातानं ओढा, दुखरा मागं आपसूक जाईल. दुखलं की थांबा," गुरुबाई सांगायची.

"आणि न्हाई दुखलं तर?"

"तर लोणी येईल."

दोरी सरसरायची, ताक घुमायचे, तिच्या बांगड्या उगाचच वाजायच्या.

"माझ्याकडं कामून बघायलाव? खांद्याकडं बघा."

"खांदा मला दिसत न्हाई."

"मी बघायलेय की."

"म्हणूनच तर..." तो म्हणाला, आणि पुढचे वाक्य रवीबरोबर गरगरत राहिले.

आठवड्याने तिने तुळईवरून दोरी टाकली. एक टोक चांगल्या हातात, एक दुखऱ्या. चांगला हात खाली ओढला की दुखरा वर. हात हनुवटीला लागला तेव्हा ती हसली. कानाला लागला तेव्हा तिला रात्रभर... म्हणजे, जरा उशिरा झोप आली. आणि एका सकाळी दोरी सोडून हात सरळ आभाळात गेला! गुरुबाईने टाळी वाजवली, बंडेप्पा ओरडला, अमृतप्पाने खांदा फिरवून बघितला आणि खूश होऊन आत गेला.

मग गुरुबाई दोरी गुंडाळू लागली.

"उद्याच येणार हायेत ना?"

"व्हय."

"मग... दाखवा त्यांना."

तो गेला. तिने त्या दिवशी ताक इतके घुसळले की लोणी बिघडले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बातमी आली. पाहुण्यांपुढे बंडेप्पाचा हात छातीपाशी अडला! कण्हला, घामाघूम झाला, पण हात वर गेला नाही. पाहुणे चहा घेऊन परत गेले. गुरुबाईने घागर भरली की नाही, हे तिला घरी पोचेपर्यंत कळले नाही. भरली नव्हती.

दारात मात्र पार्वतम्मा उभी होती, आणि तिच्यामागे अर्धी गल्ली.

"महिनाभर पोराकडनं ताक घुसळून घेतलं! म्हणं इलाज! कुणी पाय ठेवू नका रे ह्यांच्या दारात!"

अमृतप्पा खाली मान घालून उभा होता. "काल जायला होता अक्का... माझ्या हातानं बघितलं..." एवढेच तो पुनःपुन्हा म्हणत होता. कुणी ऐकत नव्हते.

गुरुबाईचा आनंद जागीच विझला. तेवढ्यात बंडेप्पा धापा टाकत आला.

"अव्वा, चल घरी..."

"थांबा," गुरुबाई म्हणाली. "हात वर करा."

त्याने आवाज उतरवला. "गुरुबाई... तुझ्यासाठीच तर..."

"ठाऊक हाय मला. पण माझ्या अप्पाची चाळीस वर्षं मातीत जायलीत. वर करा."

हात वर गेला तर पाहुण्यांपुढे खोटे बोललो, हे उघड. आणि का बोललो, हेही. बंडेप्पाने एकदा आईकडे बघितले, एकदा अमृतप्पाच्या झुकलेल्या मानेकडे. आणि हात वर केला. सरळ, कानाला लावून.

मग मागून कुणीतरी हसले.

"मग पाहुण्यांपुढं कामून केला न्हाईस?" पार्वतम्माने विचारले.

तो नुसता बघत राहिला, आणि आईकडे नव्हे. पार्वतम्माने जन्मभर कापड विकले होते. गिऱ्हाइकाची नजर कुठल्या ठाणावर आहे, हे तिला सांगावे लागत नसे. तिने गुरुबाईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि पदर सावरला.

"अण्णा, चुकलं माझं. तुमचा इलाज चोख हाय." मग जरा थांबून, "सांजच्याला पुन्हा येते. भांडायला न्हाई... बोलायला."

अमृतप्पाने मान वर केली.

"आणि तू! हात खाली घे की आता. लोकं बघायलेत."

"तिनं म्हणल्याबिगर न्हाई," बंडेप्पा म्हणाला.

सगळ्यांनी गुरुबाईकडे बघितले. तिचे गाल तापले होते, तरी तिने खांदा नीट निरखला, अगदी वडील निरखायचे तसा.

"अजून थोडा वेळ राहू द्या," ती म्हणाली. "चांगला दिसायलाय."