तिवराच्या पानाची मागची बाजू

खरवड

नवा रंग द्यायचा तर आधी जुना खरवडून काढावा लागतो. आमच्या मागच्या खोलीला पिवळा चुना होता. हात टेकला की तळव्याला लागायचा. रंगारी मोरू पत्र्याने तो खरवडत होता आणि खाली वर्तमानपत्रावर पिवळी पूड साचत होती.

रोह्यात, नदीपासून बरंच वरच्या अंगाला, हैबतरावांच्या धान्याच्या दुकानावर आम्ही पहिल्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे गॅलरी. मी रंगाच्या कंपनीत तपासणीच्या खोलीत असतो. आज निघालेला रंग ठरलेल्या नमुन्याशी जुळतो की नाही, हे उत्तरेच्या खिडकीपाशी धरून बघायचं, हे माझं काम. मला रंग नावाने दिसत नाहीत, फरकाने दिसतात.

मागची खोली माझ्या सासूबाईंसाठी होती. गोदूबाई. त्यांचं गाव वडखळच्या पलीकडे, खाडीला लागून. समुद्राचं पाणी अडवणारा मातीचा बांध एका उधाणात फुटला, शेतांत खारं पाणी शिरलं, ते परत निघालंच नाही. लोक पेणला, रामवाडीला, जिकडे जमेल तिकडे गेले. सासूबाईंना माझी बायको सरू इकडे घेऊन आली. पण त्या टिकत नसत. अमावास्या-पौर्णिमा जवळ आली की न सांगता निघायच्या. गाडीने पेण, तिथून एस्टीने वडखळ, मग चालत बांधावर जाऊन उभ्या राहायच्या, पाण्याकडे तोंड करून. सासरे, नाथा, त्याच बांधावर गेले होते. सापडले नव्हते.

मागच्या खेपेला त्या कमरेपर्यंत चिखलात रुतल्या. मिठागरावरच्या माणसांनी दोर टाकून ओढून काढलं.

"पुढच्या उधाणाला गेली तर आई परत यायची नाही," सरू म्हणाली. "तिला इथंच आपलं वाटेल असं काहीतरी करू या."

म्हणून रंग.

लांबी

मोरू पेणचा. गणपतीचा हंगाम संपला की घरं रंगवायचा.

"गणपती बरा हो साहेब," भिंतीतले खड्डे लांबीने भरताना तो म्हणाला. "रंग देताना मधे बोलत नाय. घरवाले बोलतात."

"मी कुठं बोललो?"

"तुमी बगताय नं. ते बोलण्यापेक्षा वाईट."

प्रायमर

पांढरा. सांगण्यासारखं काही नाही.

नमुना

"वहिनी, पिस्ता घ्या," मोरू म्हणाला. "आता सगळीकडं पिस्ताच चाललाय."

सरूने पर्समधून एक पान काढलं. तिवराचं. खाडीकाठच्या चिखलात, खाजणात उगवतं ते. वरून ते हिरवं, तकतकीत होतं. तिने उलटं केलं. मागची बाजू करडी, धुरकट, हिरवी म्हणावी तर हिरवी.

"हा."

"ह्याला रंग कोन म्हनतंय? हा तर रंग उडाल्यावर र्‍हातो तो."

"हाच दे रे बाबा."

मोरूने बादलीत पांढरं डिस्टेंपर घेतलं, हिरवा टाकला, थोडा काळा, मग पिवळ्या मातीची चिमूट. मी एकेक पट्टा वाळू देऊन खिडकीपाशी बघत होतो. फार थंड. फार पिवळा. फार गोड. मोरू वैतागला, "साहेब, पान सुकून जाईल तुमचं बगता बगता."

शेवटी एक पट्टा वाळला आणि मी त्यावर पान धरलं. पानाची कड दिसेनाशी झाली. देठ तेवढा हवेत लटकल्यासारखा राहिला. अशी जुळणी मला नोकरीत क्वचित मिळाली आहे. मला आनंद झाला होता, हे मुद्दाम सांगतो.

पहिला हात

पहिला हात मारून झाला त्या दुपारी सासूबाईंना खोली दाखवली. त्या उंबर्‍यापाशी थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग लुगडं घोट्याच्या वर उचललं आणि आत पाऊल टाकलं, पाय जपून, तळ चाचपत.

फरशी कोरडी होती. मी बघितली.

"आपलाच खाजन हाय गो सरू," त्या म्हणाल्या. सरूच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्या भिंतीच्या कडेकडेने फिरल्या. गॅलरीकडच्या कोपर्‍यात वाकून बघितलं. "उघाडी कुठं ठेवलाव?"

मला कळलं नाही. मी आतल्या भागातला, आमच्याकडे भात आणि वाल, बांध म्हणजे दोन शेतांमधली हातभर माती. सरूने सांगितलं, खाडीच्या बांधाला खाली एक झापेचं दार ठेवतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यातून बाहेर जातं. त्याला उघाडी म्हणतात.

"मावशी, ह्ये घर हाय," मोरू हसत म्हणाला.

"हाय नं. म्हनूनच इचारतय. बांद घातलाव आनि उघाडी नाय. आत आलेला पानी जाईल कुठं? तुज्या डोक्यावरनं?"

मोरूचं हसू अर्धं राहिलं. तो पेणचा होता, उघाडी त्याला नवी नव्हती. त्याने कोपर्‍यात, फरशीला लागून, वीतभर जागा विटेपर्यंत खरवडली आणि तशीच सोडली.

संध्याकाळी भाकरी खाताना सासूबाई आपणहून बोलल्या. एरवी त्या नाथांविषयी बोलत नसत.

"खांड पडली का नं जावय, म्हंजे बांद फुटला का, तर समदा गाव चिखल टाकतंय. शेवटची ढेप टाचेनं दाबायची. आतल्या अंगाला उभं र्‍हाऊन. आमचा मानूस भायेरच्या अंगाला र्‍हायला."

"का?"

"भायेरनं ढेप बरी बसत व्हती. बसली बी."

"मग लोकांनी वर नाही घेतलं?"

"हात दिला नं. वरनं वाकून हात दिला. म्हनला, टाच उचलली तर फुटंल. चिखल धरू द्या." त्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "भरती आली. तो उबाच."

भाकरी संपवून त्या म्हणाल्या, "ती बुजवलेली खांड अजून हाय तशी हाय. बांद फुटला तो मागनं, दुसरीकडं."

दुसरा हात

दुसर्‍या हाताने रंग सपाट, गाढ झाला. खोलीत उन्हाचा कवडसा आला तरी तो भिंतीवर चमकत नसे, बुडत असे.

पौर्णिमा आली. सरू सकाळपासून दारापाशी घुटमळत होती. सासूबाई कुठेच गेल्या नाहीत. त्या कॉटवर बसून होत्या, पाय वर घेऊन.

भिंतीच्या तळाला, चारी बाजूंनी, एक गडद पट्टा उमटला होता. वरची कड सरळ. पाणसळ लावून मारल्यासारखी.

मी बोट फिरवलं. ओल नाही. नळ गॅलरीत, तो बंद. खाली जाऊन हैबतरावांना विचारलं, वरून काही झिरपतंय का?

"झिरपलं असतं तर माझ्या वालाला मोड आले असते," ते म्हणाले. "पोती चढवलीत ती पार आढ्यापर्यंत. या, हात लावा."

मी हात लावला. पोती खडखडीत होती.

वर येऊन बोट जिभेला लावलं. खारट. जुन्या विटेला लोणा लागतो, त्यात मीठच असतं. हे कारण मला पुरेसं वाटलं. लोणा फुगतो, पापुद्रे सुटतात, पांढरी पूड पडते. इथे तसं काही नव्हतं, पण लोणा.

दुपार कलली तेव्हा सासूबाईंनी पाय खाली सोडले. "ओहोटी लागली," त्या म्हणाल्या, आणि उठून वेणी घालायला लागल्या. संध्याकाळी पट्टा नव्हता. मी पान धरून बघितलं. कड पुन्हा दिसेनाशी झाली.

अष्टमीच्या भांगेला, भरती लहान असते तेव्हा, पट्टा जेमतेम बोटभर आला. पौर्णिमेला पेन्सिलीने खूण केली होती, अमावास्येला तो तिच्याही वर गेला. खोलीला चिखलाचा वास येऊ लागला, वाईट नव्हे, नुसता चिखलाचा. पट्टा उतरत असताना मी त्या उघड्या विटेपाशी कागदाचा कपटा धरला. तो विटेकडे ओढला गेला आणि चिकटून राहिला. पलीकडे नुसती गॅलरी. वाळत घातलेले कपडे. वारा नव्हता.

सासूबाई मात्र सुधारत होत्या. अंगावर मांस आलं. खालच्या बायकांची थट्टा करायला लागल्या. बांधाचं नाव काढत नव्हत्या.

"मी सांगितलं नव्हतं?" सरू म्हणायची. "रंगानं झालं."

टचिंग

लोणा येतो तो उघड्या विटेतून. वीट झाकली की लोणा बंद. हे कुठल्याही रंगवाल्याला ठाऊक असतं.

पुढच्या पौर्णिमेला त्या दोघी देवळात गेल्या. घरात मी एकटा. पट्टा चांगला गुडघाभर चढलेला होता. मोरूने ठेवलेली लांबी मी भिजवली आणि कोपर्‍यातली ती वीतभर जागा भरून टाकली. पत्रा फिरवून गुळगुळीत केली. हात धुतले. दाराला कुलूप लावून दोघींना आणायला गेलो.

परत आलो. सासूबाई उंबर्‍यावर थांबल्या. लुगडं उचललं. घोट्यापर्यंत नाही, गुडघ्याच्या वर.

"कोनी बुजवली?"

"मी."

"भरती व्हती का तवा?"

मी भिंतीकडे बघितलं. "असेल."

मला वाटलं, चिडतील. त्या चिडल्या नाहीत. सावकाश, पाणी कापत चालावं तशा कॉटपर्यंत गेल्या आणि बसल्या. कोपर्‍याकडे बघून त्यांनी पदर डोक्यावर घेतला. माझ्यासमोर त्या तो कधी घेत नसत.

"सरू गो," त्यांनी हाक मारली. "भाकरी एक जास्त टाक."

त्या संध्याकाळी पट्टा उतरला नाही.

सकाळीही तिथेच होता. गुडघाभर, सरळ कडेचा. चिखलाचा वास आता स्वयंपाकघरातही होता. रात्री ताटात झाकून ठेवलेली जास्तीची भाकरी नव्हती.

मी पत्रा घेतला.

"काय करताय?" सरू.

"उघडतो. होती तशी ठेवतो."

कॉटवरून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "उघडा. पन मंग त्याच्यासंगट मी बी जाईन. आदीच सांगून ठेवतय."

सरू माझ्या आणि कोपर्‍याच्या मध्ये आली. माझ्याइतकीच तीही घाबरली होती. वास तिलाही येत होता.

"राहू दे," ती म्हणाली. "आई कुठं जात नाही ना आता? मग राहू दे."

"निदान बघू तरी दे."

ती बाजूला झाली.

मी गुडघ्यावर बसलो. गुळगुळीत केलेली लांबी गुळगुळीत नव्हती. मधोमध खळगा पडला होता. गोल, खोल, माझ्या तळव्यापेक्षा रुंद. तळाशी बारीक रेघा, टाचेला भेगा असतात तशा. सासूबाईंचं पाऊल लहान मुलीएवढं आहे.

दोघींना आणायला गेलो तेव्हा घराला कुलूप होतं, रात्री आतून कडी.

टाच आतल्या अंगानं मारलेली होती.

लांबी अजून ओली दिसत होती. किती दाबली गेली आहे ते बघावं म्हणून मी खळग्यात बोट घातलं.

बोट लांबीपर्यंत पोचलं नाही. मधेच टेकलं. दिसत काहीच नव्हतं. थंड होतं, भेगाळलेलं होतं, आणि जोर लावून होतं.