लाजाळू लाजेना!

“अठ्ठावीस! एकोणतीस! तीस!”

निषाद पायवाटेच्या कडेने वाकून पळत होता आणि दिसेल त्या लाजाळूच्या पानाला टिचकी मारत होता. पलीकडच्या कडेने वैशाली पळत होती. जो वहाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, जास्त पानं मिटवील तो जिंकला, आणि हरणाऱ्याने दिवाळीतली आपल्या वाट्याची एक करंजी द्यायची, अशी शर्यत होती.

वैशाली नुसती टिचकी मारत नव्हती, गातही होती.

“लाजाळू लाजाळू, मिट गं पानं,
दाराशी आलंय कोण पाहुणं!”

“ए, गाणं म्हणणं म्हणजे लबाडी!” निषाद ओरडला.

“का रे? तुला येत नाय म्हणून?”

मागून वल्लरी हसत येत होती. ती निषादची ताई, तेरा वर्षांची. महाडला त्यांच्याच घरी राहून वैशाली शाळेत जायची. या दिवाळीच्या सुट्टीत मात्र वैशालीने दोघांना आपल्या वाडीवर ओढून आणलं होतं. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी बारा घरांची वाडी. वैशालीचे आजी-आजोबा, चंद्राबाई आणि गोमाजी, तिथे नाचणी पिकवायचे.

वहाळाच्या वळणावर निषाद एकदम थांबला.

“ही बहिरी आहे!”

“कोण?”

“ही लाजाळू! चार टिचक्या मारल्या, ढिम्म हलत नाही!”

वैशालीने बोट लावलं. वल्लरीने फुंकर मारली. शेजारच्या रोपालाही हात लावून पाहिला. पानं हिरवीगार, टवटवीत, पण एकही मिटेना!

“माझं गाणंपण ऐकत नाय,” वैशाली हळूच म्हणाली.

वल्लरीने नाक वर केलं. “कसला तरी गोड वास येतोय. नेलपॉलिशसारखा.”

वहाळाच्या काठाने तिघं वर चढली. वळणावर मोठा सपाट खडक होता. त्याच्या वरच्या अंगाची लाजाळू बोट लागताच झटकन मिटली. खालच्या अंगाची मात्र तशीच उघडी राहिली! खडकावर साबणाचा फेस वाळलेला होता.

“इथं काल सुनीलकाकाने ड्रम धुतले,” वैशाली म्हणाली.

सुनीलकाका म्हणजे गोमाजींचा धाकटा मुलगा, मुंबईला रसायनांच्या एका गोदामात कामाला. दिवाळीला येताना त्याने टेम्पोतून बारा निळे ड्रम आणले होते. उन्हाळ्यात वाडीतल्या बायका दोन डोंगर ओलांडून पाणी आणतात. तो त्रास वाचावा, घरात साठा राहावा, म्हणून! उद्या वसुबारस. संध्याकाळी गाईची पूजा झाली की ड्रम वाटायचे आणि झऱ्याच्या पाण्याने भरायचे, असं ठरलं होतं.

“ताई, पण ड्रमचा आणि लाजाळूचा काय संबंध?”

वल्लरी खडकावर बसली. तिची आई, कालिंदीबाई, महाडच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. “ऐक. पानाला बोट लागलं की तिथल्या पेशींत विजेची इवलीशी लहर उठते. या पेशीतून त्या पेशीत, तिच्यातून पुढच्या पेशीत. देठाच्या बुडाशी फुगीर गाठ असते ना, तिथवर निरोप पोचला की गाठीतल्या पेशी आपलं पाणी सोडतात. गाठ ढिली पडते आणि पान मिटतं.”

“म्हणजे झाडात बेल वाजते!”

“अगदी! आणि पानाला चटका बसला, तर रसायनंसुद्धा निरोप घेऊन निघतात. ती जरा सावकाश जातात, पण लांबवर पोचतात. मात्र काही वाफा अशा असतात, की त्यांनी झाडाला भूल चढते. ऑपरेशनच्या वेळी माणसाला देतात ना, तशी. मग निरोप निघतच नाही. ड्रमांचं धोवण इथल्या मातीत मुरलंय, त्याच्या वाफा अजून निघतायत.”

वैशालीचा चेहरा उतरला. “आमची चांदणी गाय काल इथंच पाणी प्यायली!”

तिघं धावत सुटली.

गोठ्यात चांदणी गाय मान टाकून बसली होती. चंद्राबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. “काल सांजंपासून घास शिवली नाय. कुणाची दिस्ट लागली गो हिला? उद्या वसुबारस, आन् पूजा कुणाची करू?”

मुलांनी सगळं सांगितलं. ओट्यावर वॉकमन ऐकत बसलेला सुनीलकाका खो खो हसला. “झाडाचं ऐकून मी बारा ड्रम फेकून देऊ? अरे, दोन दोन वेळा साबणाने धुतलेत, एकदम फर्स्टक्लास! टेन्शन नका घेऊ!”

“काका, ड्रमना वास येतोय!” निषाद म्हणाला.

“मला तर नाय येत!”

गोमाजींनी मात्र टोपी चढवली. “ड्रमचं तुमचं काय ते बघा. मी पोलादपुरासनं गुरांच्या डॉक्टरला घेऊन येतो. आज नाय भेटला तर उद्या सकाळी, पण घेऊनच येतो.”

मुलं परसात जमली. वैशाली कुजबुजली, “काका मनाचा चांगला हाय, पण हट्टी. त्याला बोलून पटायचं नाय.”

“मग बोलायचंच नाही,” वल्लरी म्हणाली. “दाखवायचं!”

त्यांनी पायवाटेवरची दोन निरोगी रोपं मातीसकट उकरली आणि दोन करवंट्यांत लावली. रोपं रागावल्यासारखी मिटून बसली. पण सकाळी पाहतात तो दोन्ही पानं पसरून उभी! वैशालीने आजीकडून लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या मागून घेतल्या.

“फोडलीस तर बघ!”

“नाय फोडत गो आजी!”

न्याहारीनंतर ओट्यासमोर अख्खी वाडी गोळा झाली. वल्लरीने दोन फडकी घेतली. एक झऱ्याच्या पाण्यात भिजवलं. दुसरं सुनीलकाकाच्याच हाती दिलं. “काका, तुमच्या धुतलेल्या ड्रममध्ये तळाशी फिरवा.”

काकाने ऐटीत फिरवून दिलं. प्रत्येक रोपाजवळ एकेक फडकं ठेवून वर बरण्या पालथ्या घातल्या.

“किती वेळ बसायचं?” शेजारच्या भिकाजीतात्यांनी विचारलं.

“एक विडा रंगेपर्यंत!” निषाद म्हणाला, आणि सगळे हसले.

अर्ध्या तासाने वल्लरीने पहिली बरणी उचलली. “काका, तुम्हीच हात लावा.”

काकाने बोट लावलं. झऱ्याच्या फडक्याची लाजाळू सरसर मिटली.

दुसरी बरणी उचलली. काकाने बोट लावलं. काही नाही! पुन्हा लावलं. देठ हलवला. काहीच नाही!

ओट्यासमोरची माणसं वाकून बघू लागली.

“हे रोपच आळशी असेल!” काका म्हणाला, पण आवाज आता तितका मोठा नव्हता.

“मग त्याला मोकळ्या हवेत ठेवू,” वल्लरी म्हणाली. “आळशी असेल तर आळशीच राहील.”

रोप सावलीत वाऱ्यावर ठेवलं. कुणीही घरी गेलं नाही. तास-दीड तास गेला. काकाने पुन्हा बोट पुढे केलं.

आधी एक पान. मग दुसरं. हळू हळू, झोपेतून उठल्यासारखी, लाजाळू मिटली!

“वाजली बेल!” निषादने उडी मारली.

सुनीलकाका रोपाजवळ खाली बसला. “गोदामात आम्ही या ड्रमांच्या मधीच डबा खातो. रोज संध्याकाळी डोकं जड होतं, पाय लटपटतात. मला वाटायचं, मुंबईची हवा बाधली. आणि मी हेच पाणी आयेला पाजणार होतो!”

चंद्राबाई पुढे झाल्या आणि त्याचं डोकं त्यांनी कुशीत घेतलं. “तू भल्यासाठीच आणलंस रे. झाडानं सांगितलं, पोरांनी ऐकलं. वाचलो आपण.”

दुपारी गोमाजी डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी चांदणीला तपासलं, खडकाजवळचं पाणी हुंगलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “अंगात ते रसायन भिनलंय हिच्या. थोडंच प्यायली म्हणून वाचली. इंजेक्शन देतो, झऱ्याचं पाणी पाजा. त्या वळणावर गुरं सोडू नका. ओळखलं कुणी हे?”

गोमाजींनी तिघांकडे बोट केलं.

“माझ्यापेक्षा हुशार निघालात!” डॉक्टर म्हणाले. “आजारी गाय मीही ओळखतो. पण उद्या आजारी पडणारी माणसं तुम्ही ओळखलीत.”

बारा ड्रम सुनीलकाकाने टेम्पोत चढवले. जिथून आणले तिथेच ते परत जाणार होते. पाण्यासाठी सगळ्यांनी मिळून झऱ्याजवळ दगडी टाकं बांधायचं ठरलं, आणि पहिला दगड आपण उचलणार, असं काकाने जाहीर केलं.

उन्हं कलताना चांदणी उभी राहिली. चंद्राबाईंच्या हातून तिने हिरवा घास ओढला, तेव्हा वैशालीच्या डोळ्यांतून टपटप पाणी आलं. चंद्राबाईंनी गाईला कुंकू लावलं, ओवाळलं. मग आरतीचं ताट घेऊन त्या ओट्यावरच्या करवंटीपाशी आल्या आणि गुणगुणल्या,

“लाजाळू गं बाई, किती तुझे उपकार,
मुकी तू राहून, राखिलंस माझं दार.”

कुंकवाचं बोट पानाला टेकलं. लाजाळू अलगद मिटली.

“लाजली गो बाय!” चंद्राबाई हसल्या.

वैशालीने ती करवंटी उचलली आणि सुनीलकाकाच्या हातात ठेवली.

“काका, ही गोदामात ठेव. रोज सकाळी हिला हात लाव. आणि ज्या दिवशी मिटणार नाय ना, त्या दिवशी डबा तिथंच टाकून पळत बाहेर यायचं.”

काकाने करवंटी दोन्ही हातांनी धरली. “येईन गो,” तो म्हणाला. “सगळ्यांना घेऊन येईन.”