पिंपातली वेणी

खाडीकाठच्या औद्योगिक वसाहतीत एक धोका-वर्गीकरण प्रयोगशाळा होती. कुठलंही नवं रसायन बाजारात जाण्याआधी इथे यायचं आणि इथे त्याची कुंडली मांडली जायची. ते पेट घेतं का, किती अंशाला घेतं, कातडीला झोंबतं का, डोळ्यांत उडालं तर काय, वर्षानुवर्षं हुंगलं तर यकृताचं काय होतं, हे सगळं तिच्यात असायचं. माणसांच्या कुंडल्या चुकल्या तर लोक नशिबाला बोल लावतात. इथली चुकली तर तो डॉ. रेवती मयेकरांना लागला असता, पण तशी वेळ आजवर आली नव्हती.

या खेपेला तिच्या टेबलावर आलेल्या द्रावकाचं नाव होतं निर्झर. यंत्रांच्या भागांवरचं वंगण धुऊन काढायला ते वापरत. तीन वर्षांपूर्वी ते चाचणीपुरतं तीन पिंपं बनवलं होतं, तेव्हाही रेवतीनेच त्याची कुंडली मांडली होती: ज्वलनशील द्रव, वर्ग तिसरा, त्वचेला सौम्य त्रास, झापड येण्याची शक्यता. मग ती तीन पिंपं पलीकडच्या कारखान्यात सात नंबरच्या टाकीला गेली. तिथे द्रावकाची वाफ बाष्पसापळ्यात पकडायची, थंड करायची आणि पुन्हा टाकीत सोडायची, अशी रीत होती. थेंबही वाया जात नसे. आता कारखान्याला निर्झर हजारो पिंपं काढायचं होतं, आणि त्यासाठी वर्ग नव्याने ठरवायचा होता. बुधवारी सही हवी होती.

अडचण एकच होती. सात नंबरवर काम करणाऱ्या अकरा माणसांना स्वप्नं पडत होती.

"झापड येते म्हणजे नेमकं काय होतं?" रेवतीने समोर बसलेल्या दत्ताराम बाईतांना विचारलं. दत्ताराम टाकीवरचे सगळ्यांत जुने कामगार, पन्नाशीचे, लग्न न केलेले.

"झापड नाय म्याडम. बाय दिसते."

"कोण बाय?"

"ल्हान पोर हो. पाठमोरी बसलेली असते. न्हायलेली. केस ओले, आणि मी तिची वेणी घालतोय. हात माझे न्हवं, बाईमाणसाचे. हिरव्या बांगड्या." ते थोडे लाजले. "पयले दोन दिवस मी कोणाला बोललो नाय. मग जेवायच्या सुट्टीत कळलं की सगळ्यांनाच दिसते. आता सकाळी आलो की एकमेकांना इचारतो, बाय दिसली काय? ज्याला दिसली त्याचा दिवस बरा जातो."

"तोंड कसं आहे तिचं?"

"तोंड कधीच दिसत नाय. पाठमोरीच. 'झालं का?' म्हणून इचारीत राहते. रोज येगळी रिबीन."

रेवतीने लिहून घेतलं. मग रसायनं हाताळायच्या काचेच्या कपाटात वाकून तिने स्वतः बाटलीचं बूच काढलं आणि जुन्या रसायनज्ञांच्या सवयीने हाताने वारा घालून वास घेतला. प्रयोगशाळेत लाखांची गंधमापी यंत्रं होती, तरी तक्त्यात 'गंध' नावाचा रकाना माणसाच्या नाकानेच भरायचा, हा तिथला जुना नियम होता. कसल्यासारखा वास येतो ते आपल्या शब्दांत लिहायचं.

त्या दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या, तिलाही ती दिसली. ओल्या केसांचा मधोमध पाडलेला भांग, मानेवर साबणाचा राहून गेलेला फेस, आणि कंटाळलेला आवाज: झालं का? रेवती जागी झाली तेव्हा खाडीवर ऊन पसरलं होतं आणि तिला कारण नसताना फार बरं वाटत होतं. कोणाची तरी गोड मुलगी आहे, असं तिच्या मनात आलं.

तिलाही एक मुलगी होती. मुक्ता. सव्वातीन वर्षांपूर्वी, सातव्या वर्षी तापाने गेली. रेवती तीन महिन्यांत कामावर परतली आणि त्यानंतर तिच्या डोळ्याला पाणी आलं नाही. लोकांनी आधी तिच्या धीराचं कौतुक केलं, मग कुजबुज केली. तिला दवाखाना आठवे, शाळेचे फॉर्म आठवत, औषधांची नावंही आठवत. पण मुलीबरोबर घालवलेली एक साधी सकाळ आठवायची म्हटली तर हाताला काही लागत नसे. नवरा सुधांशू एकदा म्हणाला होता, "तुला तिचं काहीच कसं आठवत नाही गं?" तो साताऱ्याला निघून गेला. आपण नावापुरत्याच आई होतो, सगळं या प्रयोगशाळेने खाल्लं, असा निकाल तिने स्वतःबद्दल लावून टाकला होता. इतर निकालांसारखाच तोही तिने पुन्हा तपासला नाही.

विषशास्त्रज्ञ डॉ. इकबाल तांबोळी निवृत्तीला आलेले, बोलायला रसाळ आणि चहाला कधी नाही न म्हणणारे गृहस्थ होते. सोमवारी ते हातात कप घेऊनच आले.

"डॉक्टर, तुमच्या बायचा पत्ता लागला," ते म्हणाले. "ती द्रावकातच आहे."

"म्हणजे?"

"द्रावक काय करतं? तेलकट गोष्टी विरघळवतं. मेंदू म्हणजे तरी बराचसा चरबीच. आता दुसरी गोष्ट. एखादी आठवण मेंदूत पक्की बसलेली असते, पण आपण ती काढतो तेव्हा ती थोडा वेळ सैल होते. ट्रंकेतली साडी बघायला बाहेर काढतो तशी. पुन्हा घडी घालून ठेवली की झालं. पण नेमकी बाहेर असताना कोणी उचलून नेली तर?"

"निर्झर ती उचलतं."

"त्याचा रेणूच तसा आहे. आणि गंमत बघा, आठवण बाहेर काढायला लावणारी गोष्ट कोणती? वास. याचा वास नाकात गेला की माणसाला काहीतरी जुनं आठवतं. जे आठवतं तेच सुटतं, श्वासाबरोबर बाहेर पडतं, बाष्पसापळा ते टिपतो आणि परत पिंपात."

"पण टाकीवर ऊर्ध्वपातन होतं ना? वाफ करून थंड केल्यावर मळ मागे राहायला हवा."

"दारू आणि पाणी उकळून कधी पूर्ण वेगळी होतात? काही जोड्या एकाच अंशाला उकळतात आणि हातात हात घालून वर जातात. ही तशी जोडी आहे."

रेवतीने सगळं क्रमाने कागदावर उतरवलं. ऐकायला हे स्वप्नासारखं होतं, पण एकेक पायरी बरोबर बसत होती. "मग अकरा जणांच्या आठवणी का गेल्या नाहीत? सगळ्यांना एकच मुलगी का दिसते?"

"कारण ते द्रावण संपृक्त आहे. साखर विरघळता विरघळता एक वेळ अशी येते की पाणी आणखी घेत नाही. ही तीन पिंपं कोणा एका माणसाच्या आठवणींनी काठोकाठ भरलीत. ती आता कोणाचं घेत नाहीत, देतात फक्त. म्हणून आपले लोक वाचले. मी त्यांच्या मेंदूचे झोपेतले आलेख काढले, कामाच्या हालचालीही तपासल्या. शिडी चढणं, झडप फिरवणं, हातांना जे येतं ते तर तसूभर हललेलं नाही. हातांची आठवण मेंदूत वेगळ्या कोपऱ्यात असते, वासाने ती बाहेर येत नाही."

"आणि नवं निर्झर कोरं असेल."

"हजारो पिंपं. प्रत्येकाला कोणाचं ना कोणाचं काहीतरी लागेल."

तेव्हा वर्ग कोणता द्यायचा हे ठरल्यासारखंच होतं. पण सर्वोच्च धोक्याचा पहिला वर्ग दिला की नियमाप्रमाणे असलेला सगळा साठा भट्टीत जाळायचा. बायही जळणार होती. तिचा मालक आधी शोधायला हवा, निदान त्याला सांगायला तरी हवं, असं रेवतीच्या मनाने घेतलं.

"विचारा सगळ्यांना, कोणाची आहे म्हणून," तांबोळी म्हणाले, "पण कोणी हात वर करणार नाही. सुटलेली आठवण परत आली तरी ती 'माझी' म्हणून येत नाही. त्या गाठीसकट सुटते ना. मालकालाही ती परक्याचीच वाटणार."

बांगड्या होत्या, म्हणजे बाई. टाकीवर चार बायका होत्या. मंगळवारी रेवती चौघींच्या घरी गेली, चार ठिकाणी चार कप चहा प्यायली आणि चार मुलींच्या केसांबद्दल ऐकून आली. उवांबद्दलही ऐकलं. एकीने तर मुलगी सासरी गेली तरी जपून ठेवलेली तिची लाल रिबीन काढून दाखवली.

बुधवारी सकाळी ती तांबोळींसमोर तक्ता उघडून बसली. "चौघींनाही वेण्या घातलेल्या नीट आठवतात. म्हणजे चौघीही बाद. आपल्याला हवी ती बाई उलटी आहे. तिला मुलगी आहे, किंवा होती, आणि तिची वेणी घातल्याचं तिला अजिबात..."

ती थांबली.

तांबोळींनी कप खाली ठेवला. उठून कपाटातून त्यांनी तीन वर्षांपूर्वीची नोंदवही आणली आणि ती न उघडताच तिच्यापुढे ठेवली. ती उघडायची की नाही हे तिचं तिने ठरवायचं होतं.

साठवणुकीत द्रावक बदलतं का हे पाहण्यासाठी तेव्हा तिने नव्वद दिवस रोज वास घेतला होता. काचेच्या कपाटात, तिन्ही पिंपांना जोडलेला बाष्पसापळा चालू ठेवून. श्वास आत गेला तसा बाहेरही आला असणार. पहिल्या दिवशीच्या गंधाच्या रकान्यात तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'मुक्ताच्या न्हालेल्या केसांसारखा.' दुसऱ्या दिवशीही तेच. पंधराव्या दिवशी 'न्हालेल्या केसांसारखा.' चाळिसाव्या दिवशी 'केसांसारखा.' नव्वदाव्या दिवशी फक्त 'गोडसर' एवढंच होतं, आणि पुढे वर्गाच्या रकान्यात 'झापड येण्याची शक्यता'.

रेवतीने नव्वद ओळी वाचल्या. तिला रडू आलं नाही, कारण रडायला जे लागतं ते पिंपात होतं. पण तिला राग आला, स्वतःचा आणि त्या रकान्याचा, आणि त्याच्याखाली कुठेतरी फार मोठा आनंदही झाला. नव्वद सकाळी. निदान नव्वद वेळा तरी ती त्या मुलीच्या मागे बसली होती आणि कामाला उशीर होत असताना वेणी घालत होती.

"वर्ग खालचा दिला तर पिंपं राहतील," तांबोळी हळूच म्हणाले. "मी असं करा म्हणत नाही. पण ते मनात आलं असेल तर लाजू नका."

"आलंय मनात."

"पन्नास मिलिलिटरची राखीव बाटली तरी ठेवता येते. नियमात बसतं."

"आणि पुढे कोणीतरी रकाना भरायला ती उघडेल. आपली नाकं तुम्हाला माहीत आहेत, डॉक्टर." तिने तक्ता ओढून घेतला. "आणि मी पूर्ण पिंप हुंगलं तरी मला पाठमोरी परकी मुलगीच दिसणार. आपलेपणाची गाठ सुटली ती सुटली. त्यासाठी मी दुसऱ्या कोणाच्या सकाळी पणाला लावू?"

तिने लिहिलं. ज्वलनशील द्रव, वर्ग तिसरा. विशिष्ट अवयवास इजा, वर्ग पहिला. पिंपावर छापायचं चिन्ह: छातीत चांदणी फुटलेला माणूस. लक्ष्य अवयव या रकान्यापाशी तिचं पेन घुटमळलं, मग तिने 'मेंदू' असं लिहिलं आणि सही केली.

पिंपं भट्टीला न्यायला दुपारी गाडी आली. आवारात अकराही जण उभे होते. तांबोळींनी त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे, पण कोणी रेवतीच्या नजरेला नजर देत नव्हतं. गाडी गेली, फाटक लागलं, खाडीवरून वारा आला, तरी कोणी हललं नाही. मग एकेक जण तिच्याजवळ येऊन सांगू लागला. एकाने सांगितलं की बाय वेणी घालताना पाढे म्हणायची आणि सात सत्ते एकोणपन्नासला अडायची. एका बाईने सांगितलं की फणी ओढली गेली की ती मान आत घ्यायची, पण ओरडायची नाही. दुसरीने सांगितलं की ते हात मधूनच थांबायचे आणि डोक्यावर तसेच राहायचे. रेवती प्रत्येकाचं पूर्ण ऐकत होती. आठवत काहीच नव्हतं, पण ते तिचं होतं आणि इतक्या जणांनी ते जपून ठेवलं होतं.

दत्ताराम शेवटी आले. बोलण्यापेक्षा करून दाखवणं त्यांना सोपं वाटलं असावं. पिंपांना बांधायच्या सुतळीचे तीन पेड त्यांनी फाटकाच्या कडीला अडकवले.

"मला पोर नाय म्याडम. पण वेणी येते आता. मी दावतो. सगळ्या बायका उजवा पेड आधी घेतात, मी घरात इचारलं. पण ते हात..."

"द्या इकडे," रेवती म्हणाली.

तिने पेड हातात घेतले. काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. तिने डोळे मिटले आणि बोटांना मोकळं सोडलं. बोटांनी डावा पेड उचलला, मधल्यावरून टाकला, घट्ट ओढला, मग जरा सैल केला, डोकं दुखू नये इतका.

दत्ताराम पुढचं सांगायचे थांबले. ती शेवटपर्यंत वेणी घालत गेली, आणि सुतळी संपली तेव्हा गाठ मारण्याआधी तिचा एक हात आपोआप वर गेला आणि कडीवर तसाच राहिला.