चन्नीचं पुढं काय झालं

"मॅडम, शेवटच्या रांगेत कुणीतरी कॉमेंट्री करतंय. आम्ही सिनेमा बघायला आलोय का रेडिओ ऐकायला?"

पेन्शनर काकांची तक्रार खरी होती. अंधारात कुजबुज सगळ्यांनाच ऐकू येत होती. उर्वी उठली. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी चालणारा फिल्म क्लब म्हणजे तिचंच राज्य होतं. सिनेमा तिनं निवडायचा, खिडक्यांना काळे पडदे तिनं लावायचे आणि शेवटी माइक हातात घेऊन 'दोन शब्द'ही तिनंच बोलायचे. आठवडाभर शाळेत इतिहास शिकवून घसा कोरडा पडला तरी या दोन शब्दांसाठी तिच्याकडं आवाज शिल्लक असायचा. तेव्हा कुणाला गप्प बसवायचं असेल तर तेही तिचंच काम.

बाहेर सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन, आत घरघरणारे पंखे, आणि पडद्यावर कुठल्यातरी दूरदेशीचं बर्फात बुडालेलं गाव. दोन मैत्रिणी समोरासमोर उभ्या. उर्वी वाकून मागच्या रांगेपाशी पोचली, तोंड उघडणार... तेवढ्यात ती कुजबुज तिच्या कानावर पडली.

"आता ही चन्नी तिला म्हणती, तू शहरातल्या शाळंत गेलीस. आता आमच्यासंगं कशाला खेळशील तू?"

उर्वीनं मान वळवून पडद्याकडं पाहिलं. खाली इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं — तुझे बूट नवे आहेत.

ती तिथंच थांबली. हा सिनेमा तिनं कितीदा तरी पाहिला होता. त्या वाक्यावर दरवेळी आपण का अडखळतो, हे मात्र तिला आज कळलं.

खुर्चीत इरकल नेसलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेली एक साठीची बाई होती. शेजारी चौकटीच्या शर्टातला, दाढी नीट कोरलेला एक तरुण. तो उर्वीला बघून दचकला.

"सॉरी मॅडम. अव्वाला वाचता येत न्हाय, म्हणून..."

"कोण ही?" अव्वांनी त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात विचारलं.

"सिनेमावाल्या बाई हायत."

"मग हिलाच विचार की, ती शिंगवाली गाय कुणाची हाय?"

"गाय नाही, रेनडियर आहे तो," उर्वीच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं आवाज खाली आणला. "बोला तुम्ही. पण अगदी हळू... काय?"

आणि ती त्यांच्या बरोबर पुढच्या रांगेत जाऊन बसली. लक्ष ठेवायला म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं.

सिनेमा संपल्यावर जिन्यात तिनं त्याला गाठलंच. नाव महेश्वर. चिंचोळी एमआयडीसीतल्या औषध कंपनीत क्वालिटीला. आई निंगव्वा. मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे, घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी.

"ते शाळेचं वाक्य तुम्ही कुठून आणलंत? ती फक्त 'बूट नवे आहेत' म्हणाली होती."

"मग?" त्याच्या चेहऱ्यावर निरागस आश्चर्य. "बूट नवे हायत म्हणजे दुसरं काय असतंय?"

"आणि चन्नी कोण?" तिनं विषय बदलला.

"त्या पोरीचं खरं नाव अव्वाला म्हणता येईना. आमच्या गल्लीत एक चन्नी होती, अश्शीच हट्टी. म्हणून..." तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त बारीक व्हायचा. हे लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं, तरी उर्वीच्या लक्षात राहिलं.

पुढच्या रविवारचा सिनेमा वेगळाच होता. वेगळा देश, मिठागरावर राबणारी माणसं आणि त्यातली एक चौदा वर्षांची मुलगी. दिवे गेले, मुलगी पडद्यावर आली आणि निंगव्वा आनंदानं ओरडल्याच, "अय्या, चन्नी! केवढी वाढली गं!"

उर्वी पुढच्या रांगेतून गर्रकन वळली. महेश्वर आईच्या चेहऱ्याकडं बघत होता. पडद्याचा उजेड पडलेला तो सुरकुतलेला चेहरा ओळखीचं माणूस भेटावं तसा फुलला होता.

"व्हय अव्वा," तो म्हणाला. "चन्नीच हाय."

"हौदा? खरंच व्हय? मग बर्फ कुठं गेला?"

"वितळला. आता मिठाचं काम करत्यात."

उर्वीनं ओढणी तोंडात कोंबली. अंधारात त्यानं तिच्यापुढं हात जोडले... सांगू नका, प्लीज.

"आईशी खोटं बोललात," जिन्यात ती म्हणाली.

"लई अडकलो मॅडम. आता तुमच्याच हातात हाय. पुढच्या वेळी कृपा करून पोरगीच आणा. म्हातारा-बितारा आणला तर मी मेलो."

"पुढच्या वेळी मुलगा आहे. गुराख्याचा. मिशा फुटलेला."

"मॅडम!"

"बघते..." असं म्हणून ती मोठ्या ऐटीत जिना चढून गेली आणि पूर्ण आठवडा सतरा वर्षांच्या मुलीचा सिनेमा शोधत बसली. वाचनालयाच्या जोतिराम सरांनी विचारलं, ठरलेला सिनेमा का बदलला? "विषयाची सलगता, सर," असं ती न हसता म्हणाली, याचं श्रेय तिला द्यायला हवं.

खरं तर हे सिनेमे तिचे जीव की प्राण होते. चार घरांच्या वस्तीतले, जिथं तू कोण यापेक्षा तू कुणाची हे आधी विचारतात. दोन जिवलग मैत्रिणी, त्यातली एक निघून जाते, आणि उरलेलीला पहिल्यांदा स्वतःकडं बघावं लागतं. उर्वी त्यावर फार सुंदर बोलायची. पण महेश्वर सांगायला लागला की ती माणसं पडद्यावरून उतरून तिच्या बोळात राहायला यायची, नळावर भांडायची, एकमेकींच्या दारात रुसून बसायची. तो चुकीचं सांगायचा, पदरचं घालायचा, कधीकधी तर धडधडीत थापा मारायचा. आणि तरीही त्या माणसांवर त्याचा इतका जीव होता की ऐकताना उर्वीचा ऊर भरून यायचा. असं कुणाला सांगता येतं? असं कुणी आपल्याला सांगत बसलं तर? सिनेमा बघताना आपलं लक्ष पडद्याकडं कमी आणि मागच्या आवाजाकडं जास्त असतं, हे तिनं तिसऱ्या रविवारी मान्य करून टाकलं. प्रेमात पडली होती बिचारी, दुसरं काय.

आणि त्याच रविवारी, खाली चहाच्या गाड्यावर, निंगव्वांनी बशीत चहा ओतता ओतता सांगून टाकलं.

"पुढच्या रविवारी शेवटचं येणार बघ आमी. ह्याची बदली झाली. हैदराबाद. मोठा सायब करणार हायत म्हणं."

उर्वीच्या हातातला ग्लास गरम होता, तिला तो जाणवेना.

"छान!" ती म्हणाली. "अरे वा. छान झालं की!"

हे तिचं तोंड होतं, ती नव्हती. तिच्या तोंडाला ही सवयच होती. लहानपणापासूनची मैत्रीण काव्या बेंगळुरूला निघाली, तेव्हाही हे तोंड असंच म्हणालं होतं. छान झालं, जा. काव्या गेली, हळूहळू फोन थांबले. थांब, मला तुझ्याशिवाय करमणार नाही, हे उर्वी तिला कधी म्हणालीच नाही. मग काव्याला तरी कसं कळावं?

"छान?" महेश्वरनं विचारलं.

"हो मग. मोठं शहर. मोठी कंपनी..."

"व्हय. छानच हाय." त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला.

त्या आठवड्यात उर्वीनं आरशासमोर, गच्चीत, पेपर तपासताना, सगळीकडं सराव केला. दर वेळी वाक्य 'महेश्वर, मला...' इथंच गळपटायचं. जगातल्या सगळ्या मुलींच्या मनातलं माइकवर सांगणाऱ्या या बाईला स्वतःच्या मनातलं एक वाक्य पुरं करता येईना. रविवार तेवढा राहिला होता. या वेळीही 'छान' म्हटलं तर हाही गेलाच.

रविवारी दोघं आले ते वेगळंच संकट घेऊन. महेश्वरनं गळ्याकडं बोट दाखवून मान हलवली.

"घसा बसलाय ह्याचा," निंगव्वा म्हणाल्या. "कंपनीत निरोपाची पार्टी केली. बर्फाचं पाणी पिऊन गाणी म्हटली. आता तूच सांग पोरी, चन्नीचं पुढं काय झालं."

उर्वी मधल्या खुर्चीत बसली. डावीकडं निंगव्वा, उजवीकडं तो. इतक्या जवळ ती पहिल्यांदाच बसली होती. त्याच्या शर्टाला ऊन आणि साबणाचा वास होता.

पडद्यावर समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव. वीस वर्षांची मुलगी.

"चन्नी आता द्विधा मनःस्थितीत आहे..."

"म्हंजी?"

"म्हणजे... तिला काही सुधरेना झालंय."

उजवीकडचे खांदे आवाज न करता हसत होते. उर्वीनं कोपरानं ढोसलं. मग मात्र तिला सूर सापडला. चन्नीच्या सोबतीनं जाळी विणणारा, तिला चिडवणारा, तिच्यासाठी शिंपले राखून ठेवणारा तो मुलगा तिनं असा रंगवला की निंगव्वा पदराला हात पुसत म्हणाल्या, "गुणाचं हाय गं पोरगं."

"हो," उर्वी म्हणाली. "फार गुणाचा आहे."

उजवीकडं महेश्वर खुर्चीत सावरून बसला.

आणि मग धक्का आला. बोटीचा धक्का. मुलगा सामान घेऊन चढला. मुलगी काठावर. बोट सुटली. मुलगी नुसती बघतेय.

"काय म्हणती?" निंगव्वांनी विचारलं.

"काही नाही."

"असं कसं? एवढा जीव लावला आन् काय बोलंना?"

"मनात बोलतेय ती."

"काय?"

या दृश्यावर उर्वीनं आजवर भाषणं केली होती. मौनाचं सौंदर्य, अव्यक्ताची ताकद. आज तिला त्या मुलीचा भयंकर राग आला.

"ती म्हणतेय... छान झालं. जा."

"खोटं!" निंगव्वा ठासून म्हणाल्या. "डोळं बघ की तिचं."

उर्वीनं बघितलं. खोटंच होतं ते. निंगव्वांना अक्षर वाचता येत नव्हतं, चेहरा मात्र लख्ख वाचता येत होता.

"खोटंच आहे काकू. तिला म्हणायचंय, जाऊ नकोस. तू गेलास तर इतकं कोण बोलेल माझ्याशी... मला सवय झालीय तुझी."

"मग बोल म्हणावं! बोट चालली की!"

"ती नाही बोलणार. हा सिनेमा असाच संपतो."

उर्वी उजवीकडं वळली. पडद्यावरचा निळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर हलत होता आणि तो सिनेमा बघतच नव्हता.

"पण मी बोलते," ती म्हणाली. आवाज कापत होता, कापू दे. "महेश्वर, छान नाही झालं. मला अजिबात छान वाटलेलं नाही. मला तुम्ही आवडता. तुम्ही जाणार म्हटल्यापासून मी नीट जेवलेले नाही."

बोलून झालं. पुढच्या रांगेतल्या पेन्शनर काकांनी मागं वळून पाहिलं आणि या वेळी तक्रार न करता परत पुढं पाहिलं.

महेश्वरनं तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. मग त्यानं तिचा हात हातात घेतला, घट्ट, आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही.

दिवे लागले. सगळे तिच्या दोन शब्दांची वाट बघत होते. उर्वीनं माइक पेन्शनर काकांच्या हातात दिला. "आज तुम्ही बोला काका," असं म्हणून ती जिन्याकडं पळाली.

तो जिन्यात थांबला होता. निंगव्वा एक-एक पायरी उतरत खाली निघाल्या होत्या.

"जावं तर लागणार," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "सही करून दिलीय."

"माहितीये." हे ऐकून दुखलं, पण ते लपवायची तिला आज गरज वाटली नाही.

"पण रात्री गाडीत बसलं की सकाळी सोलापूर येतंय. रविवारी येत जाईन. आन् अव्वा तर आत्ताच म्हणाली, मी काय येत न्हाय बाबा, तिकडं मला कोण सांगणार हाय चन्नीचं." त्यानं खाली आईकडं बघून घेतलं. "एक सांगू? अव्वाला कुटं सिनेमाचा नाद होता. मीच तिला वढून आणली. तुमी खाली बोर्डावर पोस्टर चिकटवत होता, एप्रिलमधी. तोंडात टेपचा तुकडा धरून. तवापासून यायचं होतं, एकट्याला धीर होईना."

"म्हणजे... ती चन्नी?"

"पयल्या दिवशी अव्वासाठी. मग तुमी पुढं बसून ऐकायला लागला..." एक डोळा बारीक झाला. "मग जरा जास्तच रंगवली."

"आणि हे आज सांगताय? इतके रविवार घसा धडधाकट होता की तुमचा!"

त्यानं बिचाऱ्यासारखं गळ्याकडं बोट दाखवलं.

"ते काही नाही," उर्वी म्हणाली. "मी सगळ्या हॉलसमोर बोललेय. आता तुम्ही बोला."

"आत्ता? आवाज कुठाय मला?"

"असेल तेवढ्या आवाजात."

तो एक पायरी वर आला. घसा खाकरला, काही उपयोग झाला नाही. मग त्या फाटक्या, चिरकलेल्या आवाजात, पदरचं काहीही न घालता, तो म्हणाला, "लई आवडता तुमी मला."

उर्वीला एक-एक अक्षर ऐकू आलं.