खालच्या पट्टीतलं गाणं

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, दिवा गेला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती आत्ताच वरच्या मजल्यावरच्या घशाच्या डॉक्टरांकडून निघाली होती. गळ्यातली गाठ काढावीच लागेल, असं ते म्हणाले होते. आवाज कदाचित पूर्वीसारखा राहणार नाही, असंही. त्या 'कदाचित'मधून ती अजून सावरली नव्हती... त्यात हा अंधार.

घाबरली की ती गुणगुणायची. आताही मावशीचं गाणं ओठांवर आलं –

वाऱ्या, दार वाजवू नको,
मी पुन्हा उठायची नाही...

"पुढे?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

ती दचकली. लिफ्टमध्ये शिरताना गिटारवाला एकजण उभा होता, हे ती साफ विसरली होती.

"पुढे काही नाही. घाबरले की एवढंच आठवतं."

"मग लिफ्ट अडकलेली बरी," तो म्हणाला. "कदाचित पुढचंही आठवेल."

भीतीतही तिला हसू फुटलं. आणि मग – अंधारात चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल – जे मावशीलाही सांगितलं नव्हतं ते तिनं त्याला सांगून टाकलं. गाठ, ऑपरेशन, आवाज. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्याआधी एकदा रेकॉर्ड करूया?"

तो तंतुवाद्यं दुरुस्त करायचा. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. त्याचं वर्कशॉप तिच्या दुकानामागच्याच गल्लीत निघालं. ती त्याला 'तारवाला' म्हणू लागली.

वर्कशॉपात सरसाचा आणि तासलेल्या लाकडाचा वास असे. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून त्यानं खिडकीवर घोंगडी टांगली. एक माइक, एक गिटार, बाकी काही नाही. मावशी सोबत यायची. भाचीला एकटीला सोडायचं नाही, हे तिचं कारण. झोपायची मात्र पहिल्याच ओळीला. हे गाणं मावशीनं आपल्या आईकडून ऐकलं होतं आणि कडवी दोनच उरली होती. तिसरं त्या दोघांनी जुळवायला घेतलं, आणि तिथेच भांडण लागलं.

"गाण्यातल्या बाईनं उठून दार उघडावं," तो म्हणाला.

"आणि बाहेर नुसता वाराच असला तर?"

"नुसता वारा नसला तर?"

त्यानं मान वर केली नाही. तार पिळत राहिला... पण कान लाल झाले होते. ती खिडकीवरच्या घोंगडीकडे बघत बसली. कडवं त्याच्या मनासारखं झालं, आणि गाणं रेकॉर्ड झालं.

ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं, आणि ते मागणारी बाई कोण, हे तिचं तिलाच कळेना. घोगरा, जाड, खाली बसलेला आवाज. यापुढे तो असाच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तोवर गाणं लोकांपर्यंत पोचलं होतं. तिच्या परवानगीनंच त्यानं ते इंटरनेटवर टाकलं होतं, मग रेडिओवर लागलं. दुकानात आलेली एक बाई आरशासमोर फ्रेम लावून बघता बघता तेच गुणगुणली आणि म्हणाली, काय गोड गळा आहे त्या मुलीचा. ती त्या बाईच्या चष्म्याची काडी सरळ करत राहिली.

तारवाला दुकानात आला की ती मागच्या खोलीत दडायची, मशीन सुरू करून. त्याचा जीव त्या गळ्यावर जडला होता, आणि तो गळा आता नव्हता. मावशीनं खूप समजावलं, शेवटी रागावून बोलणंही टाकलं. भीती काही हटली नाही.

मग वाचनालयाच्या सभागृहातून दोघांना गाण्याचं आमंत्रण आलं. नाही म्हणून कळवायला ती एका दुपारी वर्कशॉपात गेली.

"मला जमणार नाही," ती म्हणाली. घोगऱ्या आवाजात त्याच्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य.

तो चमकला नाही. त्यानं भिंतीवरची गिटार काढून छेडली. जाड तारा, खूप खालची पट्टी – तिच्या आताच्या गळ्याला बरोबर बसणारी.

"तू गिऱ्हाइकांशी बोलतेस ना... बाहेर उभा राहून ऐकायचो," तो म्हणाला. "तशा तारा चढवल्या."

ती तयार झाली, आणि सभागृहात त्या गिटारीवर गाऊ लागली. पहिल्या ओळीला कुजबुज झाली. रेडिओवर वेगळं होतं, असं कुणीतरी मोठ्यानं म्हटलं. दोघं उठून गेले. तिनं डोळे मिटले आणि गात राहिली. तिसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतून एक बाई दबक्या आवाजात साथ देऊ लागली, मग आणखी कुणी. टाळ्या उशिरा आल्या, पण बराच वेळ थांबल्या नाहीत.

पडद्यामागे तिनं मनातलं विचारलंच. "तुला तो आवाज आवडला होता ना?"

"खूप. आठवणही येते, खोटं कशाला बोलू?" तो गिटारची पेटी उगाच उघडझाप करत होता. "पण तू लपून बसायचीस, तेव्हा ते रेकॉर्ड माझ्याजवळच होतं. रोज ऐकायचो... त्यानं भागत नव्हतं गं. मला तूच हवी आहेस."

तिनं पुढे होऊन पेटीचं झाकण लावलं.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"मलाही."

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि त्या जाडसर, अजून अनोळखी आवाजात हळूच म्हणाली, "हो."