धुळीआडची ऊब

"ए, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही!" नूतन ओरडली आणि वळून बघते तर... कॅमेरा ज्याचा, तोच समोर उभा!

तो कुंदन, भेस्तान भागातल्या, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमधला मेंटेनन्स इंजिनिअर. बॉयलर कुठे जास्त तापतोय ते दाखवणारा थर्मल कॅमेरा त्याने नूतनच्या कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनाला उसना दिला होता. आता तो न्यायला आला होता.

"सॉरी..." नूतन ओशाळली.

"सॉरी-बॉरी छोडो. दाखवता काय ते तरी बोला!"

विचारायचाच अवकाश, गोडादऱ्याच्या या पोरीची गाडी सुसाट सुटली. मोठा तारा म्हातारा झाला की फुगतो, धूळ बाहेर टाकतो आणि त्याच धुळीत दडून बसतो. "डोळ्यांना दिसत नाही. पण धूळ तापते ना! तिचे इन्फ्रारेड किरण दुर्बीण बरोबर पकडते. थांबा, दाखवते..."

तिने कॅमेरा त्याच्यावरच रोखला. पडद्यावर कुंदनचे कान लालबुंद!

"हे काय हो?"

"ते... मिलमधून सीधा आलो ना, म्हणून."

"इतका वेळ टिकते मिलची गरमी?"

त्याने हळूच कॅमेरा तिच्याकडे वळवला. "आणि तुमची मिल कधी चालू झाली, मॅडम?"

पडद्यावर तिचे गाल... नूतनने उगाच ओढणी सारखी केली, पण हसू काही आवरेना.

प्रदर्शन संपेपर्यंत कुंदन रोज कॅमेरा न्यायला आला आणि रोज रिकाम्या हाताने परत गेला.

शेवटच्या संध्याकाळी चहाच्या गाडीपाशी नूतननेच विषय काढला. "मी अहमदाबादला चाललेय. पाच वर्षं संशोधन... हीच धूळ." हा माणूस तिला हवा होता, पण त्याच्यासाठी तारे सोडायचे नव्हते. "पप्पा म्हणतात, लग्न ठरलं की पोरीचं खूळ सुटेल. तुम्हीही तेच म्हणणार असाल, तर आत्ताच सांगा."

एरवी हिंदी-गुजराती मिसळून फाडफाड बोलणारा कुंदन एकदम घरच्या अहिराणीवर आला.

"तू माले आवडस, नूतन. तू जाय... मी दर आयतवारले येसू ना!"

"आणि रात्रभर दुर्बिणीपाशी जागून मी दिवसभर झोपलेली असले तर?"

"मंग वाट दखसू."

नूतनने त्याच्या हातातला चहा काढून घेतला, एका घोटात संपवला आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "हेच आता पप्पांसमोर बोल. चल घरी!"