पार्करच्या धुराड्यातला धूर

"अरे, धुराड्यातून धूर निघतोय! भर मे महिन्यात!" मंजुळा ओरडली तशी कौतिकच्या हातातली कैरी खाली पडली.

समोर पार्कर साहेबाचा बंगला होता. शंभर वर्षांपूर्वी गिरणेचा कालवा खणायला आलेल्या या इंजिनिअराने विलायतेतल्या आपल्या घरासारखं हुबेहूब घर इथे बांधलं. काळ्या दगडाच्या भिंती, बर्फ घसरावा म्हणून उतरतं छप्पर, ऊन आत यावं म्हणून दक्षिणेला उंच खिडक्या आणि दिवाणखान्यात शेकोटी! भडगावच्या उन्हात! दोन उन्हाळ्यांतच साहेबाने पळ काढला. तेव्हापासून बंगल्याला कुलूप होतं.

वनाने नाक वर केलं. "रबर जळतंय!"

मंजुळाच्या अंगावर काटा आला. सुट्टीत ती धुळ्याहून अभिमननानांकडे, आपल्या आजोबांकडे आली होती. कौतिक आणि वना हे तिचे इथले सवंगडी. आठवड्यापूर्वी नानांच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरांनी कापून नेली. आडव्या आलेल्या राखणदार भिकनआबांच्या डोक्यात त्यांनी पहार घातली. आबा अजून जळगावच्या दवाखान्यात बेशुद्ध होते, आणि पाण्यावाचून त्या विहिरीवरची केळी करपत होती.

"केबल जाळली की आतली तांब्याची तार मोकळी होते," ती म्हणाली. "चोर आत आहेत!"

तिघं पोलीस पाटलाकडे धावली. तोतारामभाऊ खाटेवर आडवे होते. "भूत शे तिथे! दुपारचं झोपा गुमान!" म्हणून त्यांनी कूस बदलली.

"वना, तू नानांना आणि माणसांना घेऊन ये," मंजुळा म्हणाली. "कौतिक, गुरांच्या पाण्याच्या डोणीत दोन गोणपाटं भिजव!"

परवाच मागच्या मोरीच्या मोडक्या दारातून आत शिरून पावलांनी बंगला मोजताना तिला एक भिंत चांगली चार फूट जाड सापडली होती. एवढी जाड कशाला? नानांनी उलगडा केला होता. नोकर डोळ्यांसमोर नकोत म्हणून साहेबाने भिंतीच्या पोटात त्यांच्यासाठी अरुंद जिना काढला होता. मागच्या मोरीतून सुरू होऊन तो थेट छपरावर जात असे.

अंधारात दोघं चढू लागली. भिंतीपलीकडून आवाज आला.

"म्हातारा मेला तर मेला! आज रात्री अभिमनची दुसरी मोटार."

मंजुळा थिजली. हा तर भटू मिस्त्री! गावातल्या सगळ्या मोटारी हाच दुरुस्त करायचा!

छपरावर दोघांनी ओली गोणपाटं धुराड्यात कोंबली. खाली खोकल्याची ढास उठली, शिव्या उसळल्या. चोरांनाही तो जिना ठाऊक होता! कुणीतरी धाडधाड चढत आलं. भटूचा दांडगा साथीदार होता तो. त्याने कौतिकची मान धरून त्याचं तोंड दगडावर आपटलं. एकदा. दोनदा. कौतिकच्या नाकातून रक्ताची धार लागली.

"सोड त्याला!" मंजुळाने छपराचं कौल उपसलं आणि जीव खाऊन त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. किंचाळत तो मागे सरला आणि जिन्यावरून गडगडत खाली गेला.

तेवढ्यात गाव आलं! दार फुटलं. डोळे चोळत बाहेर पडलेल्या भटूवर काठ्या तुटून पडल्या. त्याचे दात पडले, कान फाटला, तरी काठ्या थांबेनात.

"मारा त्याले! जीव घ्या!"

कौतिकला बसवून, जिन्याच्या तळाशी कण्हत पडलेल्या त्या दांडग्याला ओलांडून मंजुळा बाहेर धावली. गर्दीत घुसून पाहते तर नानांच्याच हातात पहार होती. भटूच्या डोक्यावर उगारलेली! रोज तिला मांडीवर बसवणारे नाना तिला ओळखू येईनात. तिने तो हात दोन्ही हातांनी धरला.

"नाना, नको! भिकनआबांना कुणी मारलं हे कचेरीत कोण सांगेल? हा मेला तर पोलीस तुम्हाला नेतील!"

नानांनी मूठ सोडली. पहार खणकन खाली पडली. मग एकेक काठी खाली आली.

संध्याकाळी पोलिसांनी दोघांना गाडीत घातलं. दिवाणखान्यात पाच विहिरींची केबल सापडली. कौतिकच्या नाकाला पट्टी बांधताना डॉक्टर म्हणाले, "वाघ आहेस!" वनाची पाठ तर थोपटून थोपटून लाल झाली. तोतारामभाऊ मान खाली घालून उभे होते.

नानांनी मंजुळाला जवळ ओढलं.

"माझी नात शे ही! चोर तर तिने धरलेच. पण आज माझ्या हातून खून झाला असता. ऐका रे सगळे, तो तिने होऊ दिला नाही."